परदेशातून फिल्मची रिळं, डिस्क, ड्राइव्ह मागवताना : कस्टम्स आणि परवान्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपटाचं रीळ असो, डीव्हीडी-ब्लू-रे असो, टेप असो नाहीतर हार्ड ड्राइव्ह, ते सीमा ओलांडून आलं की कस्टम्स त्याच्याबद्दल तीन गोष्टी विचारतं. ही वस्तू म्हणून काय आहे, हिची किंमत किती धरायची, आणि हिच्यात जे रेकॉर्ड केलंय ते आत यायला चालतं का आणि मागवणाऱ्याला त्याचा हक्क आहे का. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि एक कागद दुसऱ्याचं काम करत नाही, माल अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. खाली जे प्रश्न सारखे येतात ते घेतलेत. दर, सूट, मर्यादा प्रत्येक देशाच्या वेगळ्या असतात आणि बदलत राहतात, म्हणून दरांचे आकडे दिलेले नाहीत, पण त्यामागचे नियम बऱ्याच अंशी जगभर सारखे आहेत, ते नीट समजले की आपल्या देशाचं टॅरिफ वाचता येतं.

फिल्म किंवा डिस्क मागवायला परवाना लागतो का?

कुठला परवाना हे आधी ठरवा, कारण लोक तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट लायसन्स म्हणतात. पहिला म्हणजे माल देशात आणायची सरकारी परवानगी, ही बऱ्याच देशांत आता फिल्मसाठी वेगळी लागत नाही, फक्त धंद्यासाठी आणणाऱ्याकडे आयातदार म्हणून नोंदणी असावी लागते (भारतात आयईसी, युरोपियन युनियनमध्ये ईओआरआय नंबर). दुसरा म्हणजे निर्मात्याकडून किंवा हक्कधारकाकडून घेतलेले हक्क, म्हणजे दाखवायचे, विकायचे, भाड्याने द्यायचे, कॉपी काढायचे, टीव्हीवर लावायचे, आणि यातला प्रत्येक हक्क वेगळा असतो हे विसरू नका. तिसरा म्हणजे जिथे दाखवणार तिथल्या बोर्डाचं सर्टिफिकेट. भारतात जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्डाचं, ब्रिटनमध्ये व्हिडिओवर चित्रपट विकायचा-द्यायचा तर १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याखाली बीबीएफसी या वर्गीकरण संस्थेचं.

कस्टम्समधून माल सुटला म्हणजे तो दाखवायची परवानगी मिळाली असं होत नाही. उलटही तसंच, निर्मात्याशी पक्का करार आहे म्हणून ड्युटी माफ होत नाही.

एचएस कोड कुठला टाकायचा?

एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय नंबर, तो ठरतो माध्यम काय आहे त्यावर. एक्स्पोज होऊन धुतलेली (डेव्हलप केलेली) सिनेमाची फिल्म, म्हणजे प्रिंट, निगेटिव्ह, इंटरनिगेटिव्ह, साउंडट्रॅक असो वा नसो, अगदी नुसती साउंडट्रॅकची फिल्म असली तरी, ३७०६ मध्ये जाते. ३५ मिमी किंवा त्याहून रुंद असेल तर ३७०६.१०, त्यापेक्षा अरुंद म्हणजे १६ मिमी, ८ मिमी वगैरे ३७०६.९०. डिस्क, टेप, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड हे सगळं ८५२३ मध्ये, त्यात टेप ८५२३.२९, रेकॉर्ड केलेली डीव्हीडी-ब्लू-रे ८५२३.४९, पेन ड्राइव्ह-कार्ड ८५२३.५१. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात, त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापले लावतो आणि दर त्या पुढच्या आकड्यांवर ठरतो, म्हणून पाठवणाऱ्याच्या देशाचा आठ-दहा आकडी कोड जसाच्या तसा उचलून आपल्या फॉर्मवर टाकू नका.

एक जुनी अडचण अजून दिसते. २००७ च्या आधी रेकॉर्ड केलेल्या टेप-डिस्कना ८५२४ हा वेगळा हेडिंग होता. २००७ च्या बदलात तो रद्द करून सगळं ८५२३ मध्ये टाकलं, आणि २०२२ पासून ८५२४ हा नंबर फ्लॅट पॅनेल डिस्प्ले मॉड्यूलना दिलाय. तरी जुन्या इन्व्हॉइसच्या फॉरमॅटमध्ये, जुन्या याद्यांमध्ये ८५२४ पडलेला असतो आणि कोणीतरी तो कॉपी करतं, मग डीव्हीडीचा बॉक्स कागदावर डिस्प्ले पॅनेल होऊन येतो आणि खुलासे करत बसावं लागतं.

३७०६ ची फिल्म मीटरमध्ये मोजतात. त्यामुळे पॅकिंग लिस्टवर नुसतं "६ रिळं" लिहून भागत नाही, लांबी हवी. हिशोब सोपा आहे, ३५ मिमी फिल्म २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट म्हणजे साधारण २७.४ मीटर जाते, १६ मिमी मिनिटाला ३६ फूट. दोन तासांचा चित्रपट ३५ मिमीवर १०,८०० फूट, म्हणजे साधारण ३,२९० मीटर.

शूटिंग झालेली पण अजून न धुतलेली फिल्म असेल तर?

ती ३७०४. कोरी रोल फिल्म ३७०२. स्लाइड्स, मायक्रोफिल्म अशी सिनेमाची नसलेली पण धुतलेली फिल्म ३७०५. ३७०६ धरून हे चार नंबर एकमेकांच्या जवळ आहेत म्हणून सहज चुकतात, आणि चुकीचा नंबर म्हणजे चुकीचा दर, शिवाय न धुतलेली फिल्म अधिकाऱ्याने तपासायला म्हणून उघडली की संपलं सगळं काम. डब्यावर आणि कागदावर दोन्हीकडे, त्या देशाच्या भाषेत, ठळक लिहा की डबा उजेडात उघडायचा नाही. एक्स-रेचंही तसंच. एक्स-रेने न धुतलेली फिल्म धूसर होऊ शकते, जास्त आयएसओची (म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील) फिल्म लवकर, आणि विमानतळांवरची नवी सीटी स्कॅनर मशीन जुन्यांपेक्षा जास्त नुकसान करतात. हाताने तपासणी करा अशी विनंती आधीच लेखी द्या, ऐनवेळी बेल्टपाशी उभं राहून सांगण्यावर अवलंबून राहू नका. धुतलेल्या फिल्मला आणि डिजिटल ड्राइव्हला एक्स-रेचा त्रास होत नाही, तिथे ही धावपळ नको.

डीसीपी (थिएटरात दाखवायचा डिजिटल चित्रपट) हार्ड ड्राइव्हवर येतोय, तो फिल्म म्हणून लिहायचा की कॉम्प्युटरचा भाग म्हणून?

हार्ड डिस्क ड्राइव्ह साधारणपणे ८४७१.७० मध्ये, डेटा साठवायचं युनिट म्हणून, जाते. पण ड्राइव्हवर चित्रपट रेकॉर्ड केलेला आहे आणि ती चित्रपटासाठीच आलीय हे समोर दिसत असलं की काही ठिकाणी अधिकारी वेगळा प्रश्न उपस्थित करतात. माझं मत असं की नेहमी ड्राइव्ह येत असतील तर अंदाजाने काम करू नका, अॅडव्हान्स रूलिंग घ्या. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) ट्रेड फॅसिलिटेशन कराराने (तो २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे) सदस्य देशांना वर्गीकरणावर आधीच लेखी निर्णय द्यायची सोय ठेवायला सांगितलंय. तो निर्णय ठरावीक मुदतीपर्यंत कस्टम्सवर बंधनकारक असतो, म्हणजे दरवेळी नव्या अधिकाऱ्यासमोर तीच चर्चा करावी लागत नाही.

आणि हो, ड्राइव्ह रिकामी दाखवायची नाही. "ब्लँक ड्राइव्ह" लिहून पाठवलेला डीसीपी ही सरळ चुकीची घोषणा आहे, सापडला तर दंड होतोच आणि नंतरच्या सगळ्या शिपमेंटकडे संशयाने बघितलं जातं.

किंमत कशावर धरतात, प्लॅस्टिकच्या डब्यावर की आतल्या चित्रपटावर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून जरा शांतपणे वाचा.

मूळ नियम डब्ल्यूटीओच्या कस्टम्स व्हॅल्युएशन करारातला आहे : माल विकला गेला असेल तर प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत धरायची. दुकानात विकायला आणलेल्या हजार ब्लू-रेंचा विषय यातच मिटतो, इन्व्हॉइसवरची किंमत तीच, आणि त्या किमतीत आतला चित्रपट आलाच.

अडचण येते ती हक्कांसकट आलेल्या एका प्रिंटची किंवा मास्टरची. समजा प्रिंट तयार करायचा खर्च १०० आहे आणि तो चित्रपट देशात चालवायच्या हक्कांचे १०,००० दिलेत. ड्युटी १०० वर की १०,१०० वर? व्हॅल्युएशन कराराचं आठवं कलम सांगतं की रॉयल्टी किंवा लायसन्स फी किमतीत मिळवायची, पण दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच : ती फी याच मालाशी संबंधित हवी, आणि ती दिल्याशिवाय माल मिळणारच नाही अशी विक्रीची अट हवी. त्याच कलमाच्या टिपेत पुढे दोन गोष्टी आहेत ज्या फार लोक वाचत नाहीत. एक, आयात केलेल्या वस्तूच्या कॉपी आयात करणाऱ्या देशात काढायच्या हक्काचे पैसे किमतीत मिळवायचे नाहीत. दोन, माल वितरित करायच्या किंवा पुन्हा विकायच्या हक्काचे पैसे विक्रीची अट नसतील तर मिळवायचे नाहीत.

म्हणजे मास्टर आला, त्यावरून इथेच डिस्क छापणार, आणि १०,००० हे छापायच्या हक्काचे आहेत असं करारात स्वच्छ लिहिलं असेल तर ते बाहेर ठेवता येतात. पण आलेली प्रिंटच थिएटरात लावणार आणि करारात "प्रिंट व हक्क मिळून एकत्रित रक्कम" असं काहीतरी लिहिलं असेल तर वेगळं करून दाखवायला आधारच राहत नाही आणि सगळी रक्कम किमतीत ओढली जायची शक्यता मोठी. म्हणून करार लिहितानाच प्रिंटची किंमत, कॉपी काढायचा हक्क, प्रदर्शनाचा हक्क या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या, आणि खऱ्या लिहा. माल बंदरात आल्यावर वकिलाकडे पळून हे दुरुस्त होत नाही, करारावरची तारीख आधीचीच असते.

सॉफ्टवेअरला म्हणे फक्त सीडीची किंमत धरतात, मग फिल्मला का नाही?

हा युक्तिवाद खूप जण करतात आणि तो चालत नाही. १९८४ मध्ये व्हॅल्युएशन समितीने असा निर्णय दिला होता की कॉम्प्युटरसाठीचं सॉफ्टवेअर ज्या माध्यमावर येतं, देशाची इच्छा असेल तर फक्त त्या माध्यमाची किंमत धरावी. पण त्याच निर्णयात स्पष्ट लिहिलंय की ध्वनी, सिनेमा किंवा व्हिडिओ रेकॉर्डिंग याला हे लागू नाही. चित्रपट डिजिटल फाइल म्हणून ड्राइव्हवर आला तरी तो सिनेमाच आहे.

फेस्टिव्हलसाठी प्रिंट येतेय, विक्री नाहीच, मग इन्व्हॉइसवर शून्य किंमत लिहिली तर?

शून्य लिहू नका. "विक्रीसाठी नाही, फक्त सांस्कृतिक प्रदर्शनासाठी, किंमत केवळ कस्टम्ससाठी" असं लिहायला हरकत नाही, किंबहुना लिहाच, पण आकडा खरा हवा, म्हणजे नवी प्रिंट किंवा नवी ड्राइव्ह बनवायला जो खर्च येईल तो. विक्रीच झालेली नसल्यामुळे व्यवहाराच्या किमतीची पद्धत इथे लागूच होत नाही, कस्टम्स पुढच्या पद्धतींवर जातं, तसाच माल आधी कितीला आला वगैरे बघतं, आणि शून्य दिसलं की स्वतःचा अंदाज लावतं. तो अंदाज तुमच्या बाजूने असेलच असं नाही. शिवाय प्रिंट वाटेत हरवली तर विमा त्याच आकड्यावर मिळणार आहे. दुर्मिळ प्रिंटच्या बाबतीत हा आकडा विचार करूनच लिहा, ज्याची दुसरी प्रत नाही त्याची भरपाई तशीही कुठल्या रकमेने होत नाही, पण निदान रिस्टोरेशनचा खर्च तरी निघायला हवा.

परत पाठवायचीच आहे तर ड्युटी कशाला भरायची?

भरायची गरज नसते, पण तशी नोंद येतानाच करावी लागते. एक मार्ग म्हणजे त्या देशाची तात्पुरती आयात, ज्यात बाँड किंवा डिपॉझिट ठेवून ठरलेल्या मुदतीत माल परत नेता येतो. दुसरा मार्ग एटीए कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या आयातीसाठीचा आंतरराष्ट्रीय कागद, ही सोय १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने आली, नंतर १९९० च्या इस्तंबूल कराराने ती आणखी एकत्र बांधली. चेंबर ऑफ कॉमर्ससारखी हमी देणारी संस्था कार्नेट देते, तो एक वर्षापर्यंत चालतो आणि एकाच कागदावर अनेक देशांत जाता येतं.

इस्तंबूल करारात एक फार उपयोगी तरतूद आहे : व्यापारी वापराआधी बघण्यासाठी म्हणून आलेल्या धुतलेल्या पॉझिटिव्ह फिल्म आणि चित्रं साठवणारी इतर माध्यमं तात्पुरती आणता येतात. वितरकाला दाखवायला प्रिंट आणायची असेल तर हेच बघा. पण प्रत्येक देशाने प्रत्येक परिशिष्ट मान्य केलेलं नाही, कोणी फक्त प्रदर्शनांसाठी कार्नेट घेतं, कोणी व्यावसायिक उपकरणांसाठीही घेतं, त्यामुळे आपला उद्देश तिथे बसतो का हे कार्नेट काढण्याआधी विचारून घ्या.

कार्नेटच्या यादीत प्रत्येक डबा, प्रत्येक ड्राइव्ह सीरियल नंबरसकट लिहा. जाताना आणि येताना शिक्का मारून घ्यायचाच, गर्दी आहे, विमान सुटतंय, अधिकारी जागेवर नाही, काहीही असो, कारण परतीचा शिक्का नसलेला कार्नेट म्हणजे माल तिथेच राहिला असा अर्थ निघतो आणि महिन्यांनंतर ड्युटीची नोटीस येते. आणि कार्नेटवर आणलेली प्रिंट तिथे विकायची नाही, वाटायच्या डीव्हीडी कार्नेटवर टाकायच्या नाहीत, त्या परत जाणार नसतात.

शैक्षणिक फिल्मना सूट असते असं ऐकलंय, खरं का?

खरं आहे, पण फिल्म शैक्षणिक आहे एवढंच पुरत नाही. युनेस्कोचे दोन करार आहेत. १९४८ चा बैरूत करार शैक्षणिक, वैज्ञानिक, सांस्कृतिक दृक्-श्राव्य साहित्याबद्दल आहे, त्यात निर्मिती झालेल्या देशातल्या अधिकृत संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. १९५० चा फ्लॉरेन्स करार १९५२ पासून लागू आहे, त्याच्या सी परिशिष्टात अशा फिल्मना ड्युटी माफ आहे, पण मागवणारी संस्था आपल्या सरकारने मान्य केलेली हवी आणि ती फिल्म त्याच संस्थेने किंवा तशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेने दाखवायची. न्यूजरीलसाठीही तिथे तरतूद आहे, कॉपी काढण्यासाठी प्रत्येक विषयाच्या दोन प्रतींपर्यंत मर्यादा घालता येते. संयुक्त राष्ट्रांनी किंवा त्यांच्या संस्थांनी बनवलेल्या शैक्षणिक फिल्मही यात येतात. १९७६ च्या नैरोबी प्रोटोकॉलने ही व्याप्ती वाढवली, पण तो सगळ्यांनी घेतलेला नाही.

शाळा-कॉलेज, फिल्म सोसायटी, म्युझियम यांनी हे नक्की तपासावं. मान्यता मिळवायला एकदा कष्ट पडतात, मग पुढची कितीतरी वर्षं सूट मिळत राहते, आणि तरीही अनेक छोट्या संस्था वर्षानुवर्षं पूर्ण ड्युटी भरत राहतात कारण त्यांना कोणी हे सांगितलेलंच नसतं. ही माहिती पुढे पोचवा.

स्वतःला बघायला एक ब्लू-रे मागवली तर त्रास होतो का?

सहसा नाही. खरी, हक्कधारकाने काढलेली प्रत असेल तर किंमत जाहीर करायची, लागेल ती ड्युटी-टॅक्स भरायचा, संपलं. कॉपीराइटच्या बाजूने भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम ५१ मध्ये स्वतःच्या खासगी, घरगुती वापरासाठी कुठल्याही कृतीची एक प्रत आयात करायला मोकळीक आहे. एक म्हणजे एकच, मित्रांसाठी म्हणून त्याच चित्रपटाच्या दहा मागवल्या की तो घरगुती वापर उरत नाही. ट्रिप्स या डब्ल्यूटीओच्या बौद्धिक संपदेबद्दलच्या कराराच्या कलम ६० मध्येही प्रवाशाच्या सामानातल्या किंवा छोट्या पार्सलमधल्या बिनव्यापारी थोड्याशा मालाला सीमेवरच्या कारवाईतून वगळायची मुभा देशांना आहे, पण मुभा आहे, सक्ती नाही.

अस्सल डिस्क रीतसर विकत घेऊन आणल्या, मग इथे विकल्या किंवा भाड्याने दिल्या तर काय बिघडलं?

बिघडू शकतं. अस्सल प्रत एकदा विकली की तिच्यावरचा हक्कधारकाचा ताबा संपतो का, आणि संपतो तो त्या देशापुरता, एखाद्या गटापुरता की जगभर, हे ट्रिप्सने मुद्दामच देशांवर सोडलंय. युरोपियन युनियनमध्ये २००१ च्या कॉपीराइट निर्देशाप्रमाणे युनियनच्या आत विकलेली प्रत युनियनमध्ये फिरू शकते, बाहेर विकलेली नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुस्तकांच्या एका खटल्यात कायदेशीर बनवलेली प्रत कुठेही बनली असली तरी पहिल्या विक्रीचा नियम लागू धरला. भारतात दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये नेमक्या याच विषयावर निकाल दिला, अमेरिकेत विकत घेतलेल्या अस्सल डीव्हीडी आणून भाड्याने देणं हे उल्लंघन ठरवलं.

तेव्हा भाड्याने द्यायच्या असतील तर तो हक्क वेगळा घ्या. पावती दाखवून काम भागेल असं धरून चालू नका.

रीजन कोड वेगळा असलेली डिस्क आणणं बेकायदेशीर आहे का?

रीजन कोड ही कंपन्यांनी ठरवलेली तांत्रिक विभागणी आहे, कस्टम्सचा नियम नाही. अधिकारी रीजन बघून माल अडवत नाही. पण विकत घेण्याआधी तुम्ही बघा, डीव्हीडीत भारत ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, युरोप आणि जपान २ मध्ये आहेत, ब्लू-रेत ए, बी, सी अशी विभागणी आहे आणि भारत सीमध्ये येतो. ४के यूएचडी डिस्कला रीजन कोड नसतो.

चित्रपटात आक्षेपार्ह दृश्यं आहेत, पण फक्त स्वतःसाठी आणतोय, तरी अडवतील?

अडवू शकतात. घरात बघणं आणि सीमेवरून आणणं यांचे कायदे वेगळे असतात. अमेरिकेत १९३० च्या टॅरिफ कायद्याचं कलम ३०५ अश्लील साहित्याच्या आयातीला बंदी घालतं, आणि १९७३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सुपर ८ मिमीच्या रिळांच्या खटल्यात सांगितलं की खासगी वापरासाठी आणतोय हा बचाव सीमेवर चालत नाही. भारतात १९६४ च्या कस्टम्स अधिसूचनेने अश्लील मालाच्या आयातीला बंदी आहे. कितीतरी देशांत धर्म, युद्ध, राष्ट्रीय सुरक्षा, नकाशातल्या सीमा यांवरूनही फिल्म थांबवता येते. नकाशाचं खास सांगावंसं वाटतं, माहितीपटात दोन सेकंद दिसणारा नकाशासुद्धा अख्खी शिपमेंट थांबवायला पुरेसा होतो.

गंभीर कलाकृती आणि अश्लीलता यातला फरक अधिकाऱ्याने काउंटरवर उभ्या उभ्या ठरवावा अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. चित्रपट कुठल्या फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला, कुठल्या बोर्डाचं वर्गीकरण मिळालंय, दिग्दर्शकाची ओळख, कथेचा सारांश, हे सगळं आयात करणाऱ्या देशाच्या भाषेत मालासोबत ठेवा. दुसऱ्या देशाचं सर्टिफिकेट इथे बंधनकारक नसतं पण विचारात घेतलं जातं, आणि जप्तीचा आदेश आलाच तर तो लेखी मागा, अपिलाची मुदत त्याच तारखेपासून मोजतात.

ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे, कस्टम्सला आतलं बघायचं असेल तर?

डीसीपीची ड्राइव्ह बहुतेक वेळा लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये असते, साध्या ऑफिस कॉम्प्युटरला लावली की रिकामी किंवा खराब दिसते, आणि "फॉरमॅट करायचं का" असा मेसेज येतो. तिथे कोणी हो म्हटलं तर चित्रपट गेला. ड्राइव्हवर सूचना चिकटवा आणि कागदांसोबत पासवर्ड असलेली स्क्रीनिंग लिंक द्यायची तयारी ठेवा, त्यासाठी हक्कधारकाची परवानगी आधीच घ्या. केडीएम म्हणजे एन्क्रिप्टेड चित्रपट उघडणारी चावीची फाइल कधीही ड्राइव्हसोबत पाठवू नका. ती ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते, म्हणून कस्टम्समध्ये उशीर होईल हे धरूनच तिची सुरुवात-शेवट मागून घ्या, नाहीतर ड्राइव्ह सुटेपर्यंत चावीची मुदत संपते.

परदेशी चित्रपटांवर कोटा असतो का?

काही ठिकाणी असतो. १९४७ च्या गॅट या व्यापार करारामध्ये चौथं कलम खास सिनेमासाठीच आहे, देशी चित्रपटांसाठी पडद्यावरचा ठरावीक वेळ राखून ठेवायला त्यात परवानगी आहे. चीनमध्ये महसूल वाटून घेण्याच्या तत्त्वावर येणाऱ्या परदेशी चित्रपटांची संख्या २०१२ च्या अमेरिकेबरोबरच्या समझोत्याने वर्षाला २० वरून ३४ करण्यात आली. हे सगळं व्यापारी प्रदर्शनाबद्दल आहे, संग्रहासाठी एक प्रिंट आणणाऱ्याला याची चिंता नको.

पायरेटेड असल्याच्या संशयावरून माल थांबवला, पुढे काय?

ट्रिप्सच्या कलम ५१ प्रमाणे हक्कधारकाच्या अर्जावरून कस्टम्स माल रोखू शकतं, कलम ५५ प्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत हक्कधारकाने कारवाई सुरू केल्याचं कळवलं नाही तर माल सोडायचा, ही मुदत आणखी दहा दिवस वाढवता येते. भारतात यासाठी २००७ चे बौद्धिक संपदा हक्कांबाबतचे आयात नियम आहेत. तुमच्याकडे करार असेल तर पहिल्याच दिवशी हक्कधारकालाच कस्टम्सला पत्र लिहायला सांगा, तुम्ही लिहिलेल्या चार पत्रांपेक्षा त्यांचं एक पत्र जास्त काम करतं.

मग फाइल ऑनलाइनच मागवली तर कस्टम्सचा प्रश्नच मिटला?

सीमेवरची ड्युटी म्हणाल तर बऱ्याच अंशी. इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेल्या गोष्टींवर कस्टम्स ड्युटी लावायची नाही असं डब्ल्यूटीओ सदस्यांनी १९९८ मध्ये ठरवलं आणि त्याची मुदत नंतर वेळोवेळी वाढवली, दरवेळी त्यावर वाद झाले, म्हणून ते आज लागू आहे का हे बघून घ्या. पण रॉयल्टीवरचा टॅक्स, जीएसटी किंवा व्हॅट, कॉपीराइटचे हक्क आणि प्रदर्शनाचं सर्टिफिकेट यातलं काहीही टळत नाही. दोन-तीनशे जीबीची फाइल उतरवता येत असेल तर जरूर उतरवा, वेळ वाचतो.

जुनी रिळं मागवतोय, वेगळी काय काळजी घ्यायची?

सगळ्यात आधी बेस (फिल्मची मूळ पट्टी) नायट्रेटचा आहे का ते बघा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिमी फिल्म नायट्रेटवर बनत होती, ती अत्यंत ज्वालाग्राही असते, एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते. वाहतुकीच्या नियमांत तिला यूएन १३२४ नंबर आहे, वर्ग ४.१, म्हणजे धोकादायक मालाचं पॅकिंग, लेबल आणि घोषणापत्र लागतं. साध्या कुरिअरने "जुनी फिल्म" म्हणून पाठवणं हा गुन्हा तर आहेच पण विमानातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे, याबाबतीत कोणाचंही ऐकू नका. कडेला सेफ्टी (म्हणजे सहज न पेटणारा बेस) छापलेलं असेल तर सहसा सुरक्षित, पण निगेटिव्हवरचा तो शब्द प्रिंटवरही उमटतो आणि उलटही होतं, म्हणून शंका असेल तर फिल्म आर्काइव्हच्या जाणकाराकडून तपासून घ्या. १६ मिमी १९२३ मध्ये आली तीच सेफ्टी बेसवर.

सेफ्टी बेसच्या अॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती सडायला लागलीय, ती चांगल्या रिळांपासून वेगळी पॅक करा. लाकडी क्रेट वापरत असाल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा (कीड मारायची प्रक्रिया केल्याचा) शिक्का हवा, नाहीतर फिल्म बरोबर असूनही क्रेटमुळे कंटेनर थांबतो.

आणखी एक गोष्ट पाठवणाऱ्या देशाची. युनेस्कोच्या १९७० च्या सांस्कृतिक संपत्तीच्या करारात सिनेमाच्या आर्काइव्हचा उल्लेख स्पष्ट आहे. त्यामुळे काही देशांत जुनी निगेटिव्ह बाहेर न्यायला निर्यात परवानगी लागते, ती नसेल तर तुमच्या बाजूचे कागद कितीही चोख असले तरी माल परत मागितला जाऊ शकतो. विकणाऱ्याला ती परवानगी आधी दाखवायला सांगा, पैसे नंतर.

आपलाच चित्रपट परदेशातून परत येतोय, त्यावरही ड्युटी?

बाहेर गेल्याचा पुरावा असेल तर बहुतेक देशांत सूट मिळते. तो पुरावा म्हणजे निर्यातीच्या वेळची नोंद, त्यात रिळांची संख्या, लांबी, ड्राइव्हचे सीरियल नंबर. हे जाताना लिहिलं नसेल तर परत आलेली वस्तू तीच आहे हे सिद्ध करणं फार कठीण होतं. बाहेर असताना फिल्मवर काही काम झालं असेल, म्हणजे रिस्टोरेशन, नवी प्रिंट, सबटायटल, तर त्या कामाच्या खर्चावर ड्युटी लागू शकते, म्हणून लॅबचं बिल वेगळं मागवा आणि त्यात जुनी निगेटिव्ह आणि नवी प्रिंट या दोन वेगळ्या ओळी असू द्या, कारण जुनी निगेटिव्ह परत येतेय पण नवी प्रिंट पहिल्यांदाच येतेय, तिला परतीच्या मालाची सूट मिळत नाही.